गार झाल्याशिवाय नाही

कडलगे सरांच्या हाताखाली काही वर्षं काढलेल्या माणसाला एक खोड जन्माची चिकटते. मलाही चिकटली आहे. कुणाच्या घरी गेले आणि सरबताचा पेला पुढे आला, की पिण्याआधी मी तो हाताच्या पालथ्या बाजूला टेकवून बघते. नणंद म्हणते, "वहिनी, विष नाही घातलं त्यात." मी म्हणते, "सवय आहे गं." सवय कुणाची, हे सांगत बसत नाही. सांगायला बसलं की सरबत गरम होतं.

डॉ. मल्लिकार्जुन कडलगे हृदयाचे सर्जन आणि मी भूल देणारी. ऐंशीच्या दशकाच्या शेवटी कोल्हापुरातल्या एका ट्रस्टच्या इस्पितळाने छाती उघडून हृदयाची ऑपरेशनं करायचा विभाग काढला, तेव्हा सर मुंबईची चांगली चाललेली नोकरी सोडून इकडे आले. तोवर आमच्या भागातल्या माणसाच्या हृदयाच्या नळ्या बुजल्या की त्याला मुंबई गाठावी लागे, आणि पुष्कळजण कराडच्या पुढे काही पोचत नसत. सर मूळचे संकेश्वरचे. घरी किराणा मालाचं दुकान, आई म्हणजे अव्वा, बोलणं अर्धं कानडी अर्धं मराठी. दिसायलाही ते दुकानदारच दिसायचे. बुटके, पोट सुटलेलं, टक्कल, शर्टाच्या खिशात दोन पेनं आणि एक थर्मामीटर. सर्जन म्हटलं की जो रुबाब डोळ्यांपुढे येतो त्यातलं काही त्यांच्यापाशी नव्हतं. पहिल्या दिवशी मी त्यांना औषधकंपनीचा माणूस समजून बाहेरच्या बाकावर बसवून ठेवलं होतं आणि ते निमूट बसलेही होते.

सर घाबरट होते. पुढे लोक त्यांच्याविषयी 'निडर सर्जन' वगैरे बोलले, पण मी पेशंटच्या उशाशी उभी राहून हा माणूस रोज बघितला आहे. ऑपरेशनच्या दिवशी त्यांना सकाळी घास गिळायचा नाही. हात धुताना ओठ हलत असायचे. मला वाटायचं, स्तोत्र म्हणत असतील. लिंगायत माणूस, वचनं पाठ असतील. एकदा कान देऊन ऐकलं तर "पंप, बर्फ, रक्त, टाके, पंप, बर्फ, रक्त, टाके" असा जप चालला होता. मी हसले. ते हसले नाहीत. "मॅडम, यातलं एक राहिलं की माणूस राहिला," म्हणाले आणि पुन्हा पहिल्यापासून हात धुवायला लागले.

त्यांचं एक वाक्य इस्पितळभर प्रसिद्ध होतं. कुणी येऊन सांगावं, "सर, रक्ताच्या बाटल्या आल्या." सर विचारणार, "बघितलं, की सांगताय?" सांगणारा परत जाई, बघून येई. कुणी म्हणावं, पेशंटनं रात्रीपासून काही खाल्लं नाही. "बघितलं, की सांगताय?" आता न खाल्लेलं कसं बघायचं? पण विचारणार. कँटीनवाला त्यांची नक्कल करून आम्हाला चहा द्यायचा, "साखर घातलीया. बघितलंय, सांगत न्हाय." एकदा शारदावहिनींचा, म्हणजे सरांच्या बायकोचा, फोन आला. अव्वांना ताप होता, आता उतरला, एवढं सांगायला. सरांच्या तोंडून सवयीनं तेच वाक्य गेलं. पलीकडून वहिनींचा आवाज मला इकडे ऐकू आला, "सांगत्येय! बघायचं असेल तर घरी या एखाद्या दिवशी!" आणि फोन आपटला. सर बराच वेळ रिसीव्हर हातात धरून बसले होते, मग मला म्हणाले, "उतरला असेल, नाही?"

आता त्यांची भीती कशाची, हे सांगायला हवं. बायपासमध्ये पायातली शीर काढून हृदयाच्या बुजलेल्या नळीला वळसा देऊन जोडतात. टाके केसाहून बारीक. धडधडणाऱ्या हृदयावर ते घालता येत नाहीत, म्हणून हृदय बंद करायचं. बाकीच्या शरीराला रक्त पुरवायला यंत्र असतं, तो पंप. पण महाधमनीला चिमटा लावला, की सगळ्या शरीराला रक्त मिळतं आणि ज्याच्यासाठी हा खटाटोप त्या हृदयालाच मिळत नाही. सर नातेवाइकांना सांगायचे, "तेवढा वेळ ते उपाशी असतं बघा. उपाशी माणसाला उन्हात राबवलं तर तो मरतो. सावलीत झोपवलं तर तग धरतो. तसं आम्ही ते झोपवतो आणि गार ठेवतो." झोपवायला पोटॅशियमचं बर्फासारखं गार औषध, ते हृदयाच्या नळ्यांत सोडायचं. वरून सलाइनच्या बर्फाचा चुरा. हे दोन्ही नीट झालं तर हृदयाचा स्नायू वाचतो. नाहीतर टाके कितीही सुंदर येऊ देत, त्यांचा उपयोग नाही.

हे सगळं ते पेशंटला इतकं सरळ सांगायचे की माणूस घाबरून जायचा. ट्रस्टचे अध्यक्ष एकदा म्हणाले, "डॉक्टर, जरा गोड बोला की. कालचा पेशंट पळून गेला."

"पळाला?" सर म्हणाले, "म्हणजे बरं आहे त्याचं हृदय."

ही त्यांची एवढीच विनोदबुद्धी, आणि तीही विनोद म्हणून नसायची.

गारव्याचं खूळ मात्र कुठल्या कुठे जायचं. लग्नात गेले की पंगतीआधी सरबताच्या पिंपाशी जाऊन वाकून बघणार. बर्फाच्या लादीवर हाताची पालथी बाजू ठेवून उभे राहणार. यजमानाला वाटे, डॉक्टर बर्फ चांगला आहे की नाही हे तपासताहेत, आणि तो बिचारा दुसरी लादी मागवायचा. वहिनी सांगायच्या, घरी दह्याच्या भांड्यातसुद्धा थर्मामीटर घालतात. मला हे सगळं पहिली दोन वर्षं नुसता चिडवायचा विषय वाटला. मग एका संध्याकाळी त्यांची स्कूटर बिघडली म्हणून मी त्यांना माझ्या गाडीतून घरी सोडत होते, आणि ते म्हणाले, कळंब्याकडून घ्या, जरा वारा खाऊ. कळंबा तलावाच्या बांधावर आम्ही उभे राहिलो आणि विचारलं नसताना ते बोलायला लागले.

मुंबईत ते शिकत असतानाची गोष्ट. त्या वेळी पोटॅशियमचं औषध आमच्याकडे आलं नव्हतं. मोठे सर्जन हाताच्या वेगावर भिस्त ठेवायचे. चिमटा लावायचा आणि भराभर उरकायचं. शाळेत शिकवणारी एक तरुण बाई होती, तिची झडप बदलायची होती. सर सगळ्यात धाकटे, हृदय हातात धरून उभं राहणं एवढंच त्यांचं काम. ऑपरेशन देखणं झालं. चिमटा काढला आणि हृदय चालू होईना.

"मॅडम, माझ्या हातात होतं ते. मऊ होतं, आणि माझ्या हातात घट्ट होत गेलं. दगड. दाबून बघितलं तर दबेना. टाके एक नंबर, एक थेंब गळत नव्हता. सगळे टाक्यांकडं बघत होते. आमचे मोठे सर म्हणाले, नशीब. नशीब नव्हे ओ. उपाशी मारलं आम्ही तिला."

एवढं बोलून ते तलावाकडे बघत राहिले. मी गाडी चालू केली. त्या दिवसानंतर त्यांच्या बर्फावर मी विनोद केले नाहीत असं नाही, पण कमी केले.

थिएटरमध्ये एक फ्रिज होता तो फक्त याच कामाचा. खालच्या कप्प्यात पोटॅशियमच्या औषधाच्या बाटल्या, वर सलाइनच्या प्लास्टिकच्या बाटल्या गोठवून दगड केलेल्या. वेळेला हातोडीनं ठोकून चुरा करायचा. ऑपरेशनच्या सकाळी, पेशंटला भूल देण्याआधी, सर स्वतः त्या दाबून बघत. त्या फ्रिजमध्ये खाण्याची वस्तू ठेवायची नाही, हा नियम नव्या झाडूवाल्यालासुद्धा पहिल्या दिवशी सांगितला जाई.

आणि तरीही तो दिवस आला. गडमुडशिंगीच्या दूध संस्थेचे सेक्रेटरी रामचंद्र चौगुले आमच्याकडे आले ते एप्रिलात. पन्नाशीचा माणूस, अंगानं सडपातळ, बोलायला गोड. डाव्या बाजूची मुख्य नळी बुजत आलेली. ही नळी पुरती बंद पडली की माणूस पाणी मागायलाही उरत नाही. बरोबर बायको होती, आक्काताई. तिचा आवाज तळमजल्यापासून वर यायचा.

"बंद म्हंजे? पार बंद करतासा?" आक्काताईंनी विचारलं.

"पार बंद," सर म्हणाले.

"आनि मग?"

"टाके झाले की चालू करतो."

"हुतंय व्हय चालू?"

"चालू करायचं म्हणूनच बंद करतो."

"त्ये इचारलं न्हाय मी. हुतंय का म्हून इचारलं."

सरांनी मान खाली घातली. "बहुतेक वेळा होतं."

"बहुतेक!" आक्काताई नवऱ्याकडे वळल्या. "ऐकलासा न्हवं?"

"ऐकलं की," चौगुले म्हणाले. "खोटं बोलंना गडी. हितंच करायचं."

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी सगळं घर नृसिंहवाडीला गेलं. दत्ताला अभिषेक केला आणि येताना डॉक्टर लोकांसाठी प्रसाद म्हणून दुधाची मोठी किटली भरून बासुंदी आणली. दूध संस्थेच्या माणसाच्या घरची किटली, तीही काठोकाठ. संध्याकाळी ती थिएटरच्या दारात आली तेव्हा आत सुशीलामावशी एकट्याच होत्या. मावशी म्हणजे आमच्या थिएटरच्या जुन्या आया. दर पौर्णिमेला वाडीला जाणाऱ्या. उकाडा असा की बासुंदी रात्रीतून नासली असती. स्टाफच्या खोलीत दुसरा फ्रिज होता, पण त्यात आमच्या अजितचा, म्हणजे सरांच्या हाताखालच्या तरुण सर्जनचा, सुक्क्या मटणाचा डबा ठेवलेला. दत्ताचा प्रसाद मटणाशेजारी ठेवायचा? मावशींचा हात धजेना. सगळ्या इस्पितळात सोवळी म्हणावी अशी जागा एकच होती. खाण्याची वस्तू ठेवायची नाही हे त्यांना माहीत होतं, पण प्रसाद ही काही खाण्याची वस्तू नव्हे. सलाइनच्या बाटल्या तर इस्पितळभर कपाटांत उघड्यावर असतात, त्यांना काय होतंय एका रात्रीनं? पहाटे परत ठेवल्या की होतील गार. मावशींनी बाटल्या सगळ्या बाहेर काढल्या, कप्पे काढले, किटली बसवली, आणि पहाटे ती काढून बाटल्या होत्या तशा ओळीनं परत लावल्या. फ्रिज पुसूनही घेतला.

सकाळी सर यायला आणि ट्रस्टचे अध्यक्ष फोटोग्राफर घेऊन यायला एकच गाठ पडली. ट्रस्टनं घेतलेल्या नव्या यंत्राला हार घालायचा होता, नारळ फोडायचा होता. अध्यक्ष सरांना हाताला धरून ओढतच घेऊन गेले. सर जाता जाता मान वळवून ओरडले, "अजित, बर्फ बघ!" थोड्या वेळानं अजित आला. "बघितलं सर. सगळ्या बाटल्या जागच्या जागी आहेत." सरांनी विचारलं, "बघितलं, की सांगताय?" "बघितलं सर." आणि त्यानं बघितलंही होतं. दार उघडून, वाकून, नीट.

मी चौगुल्यांना भूल दिली. छाती उघडली. पायातली शीर काढून झाली. हृदय समोर उघडं, आपल्या लयीत चाललेलं. यंत्राच्या नळ्या जोडायच्या आधी सरांनी बर्फ मागितला. सिस्टरनी बाटली कापडात गुंडाळून हातोडी मारली. रोज जो कडकन आवाज येतो तो आलाच नाही. थप असा आवाज आला.

"दुसरी," सर म्हणाले.

दुसरीही तशीच. तिच्यात पाणी डुचमळत होतं.

"मॅडम, औषधाच्या बाटलीला हात लावा."

मी उलटा हात लावला. माठातलं पाणी असतं तेवढं गार.

दाराशी सुशीलामावशींनी तोंडात पदर कोंबला आणि रडत रडत सगळं सांगितलं. किटली, मटण, पहाट, सगळं. मला इतका राग आला होता की मावशींना बाहेर हाकलावंसं वाटलं. सर ऐकून घेत होते. त्यांचा आवाज घाबरला की खाली जायचा, तो इतका खाली गेला की आम्हाला पुढे वाकावं लागलं.

"काम थांबवा."

अजित म्हणाला, "सर, थांबायचं कशाला? थोडा वेळ चिमटा लावू, काढू, परत लावू. पुष्कळजण अजून तसं करतात. तुमचा हात चालतो, एकेक जोड मिनिटांत होईल."

"नाही."

"सर, ही मुख्य नळी आहे. नुसतं थांबण्यातही धोका आहे."

त्याचं चूक नव्हतं. मी अजितच्या बाजूची होते, हे इथे लिहायला हरकत नाही. मी म्हटलं, "सर, उघड्या छातीनं मी याला किती वेळ सांभाळू? रक्तदाब एकदा घसरला तर हातात काही राहणार नाही."

"सांभाळा."

"म्हणायला सोपं आहे!"

सरांनी माझ्याकडे बघितलं. मास्कवर फक्त डोळे होते, आणि ते घाबरलेले होते. "मॅडम, चालतंय तोवर ते आपलं आपण सांभाळतंय. मी बंद केलं की ते माझ्यावर आलं. माझ्याकडं त्याला द्यायला आत्ता काही नाही. गार झाल्याशिवाय मी हात लावणार नाही."

हृदयावर कोमट सलाइनमध्ये भिजवलेली फडकी घातली, अजितला तिथे उभं केलं, आणि सर हातमोजे काढून बाहेर निघाले. जाताना मावशींना दंडाला धरून बरोबर घेतलं. "रडायचं मागून. आधी खडे मीठ आणा, असेल तेवढं."

बाहेर काय झालं ते मला मावशींनी सांगितलं. अंगणात चौगुल्यांची पंचवीसेक माणसं बसली होती. डॉक्टर इतक्यात बाहेर आलेला बघून सगळे उभे राहिले. आक्काताई पुढे झाल्या.

सर म्हणाले, "काम थांबलंय. चौगुले आहेत, हृदय चालू आहे, छाती उघडलीय. गार करायचं औषध गार झालेलं नाही. गार झाल्याशिवाय मी बंद करणार नाही. बर्फ पाहिजे, आणि आइस्क्रीमचं पॉट पाहिजे, हातानं फिरवायचं."

दुसऱ्या कुठल्या गावात या बोलण्यावर डॉक्टरची गचांडी धरली असती. आक्काताईंनी विचारलं, "बरफ किती पायजे?"

मेहुण्याचा टेम्पो शाहूपुरीतल्या बर्फाच्या कारखान्याकडे सुटला. समोरच्या आइस्क्रीमवाल्याची दोन लाकडी पॉट त्याला न विचारताच उचलून आणली, तोही मागोमाग ओरडत आला आणि काय झालं ते ऐकून बर्फ फोडायलाच बसला. सरांच्या घरच्या दुकानात जत्रेला असलं पॉट फिरवत. मीठ किती, बर्फ किती हे त्यांच्या हाताला माहीत होतं. मधल्या डब्यात बाटल्या, भोवती बर्फ आणि मीठ. "फिरवायचं, थांबायचं नाही," ते म्हणाले.

"सरका, मी फिरवतो," आक्काताई म्हणाल्या. कोल्हापुरी बाई 'फिरवते' म्हणत नाही. पदर खोचून त्या पॉटवर बसल्या. दुसऱ्यावर त्यांचा भाऊ. थोड्या वेळानं हँडल मारता मारताच त्यांनी विचारलं, "कुनामुळं झालं वो ह्ये?"

मावशी मिठाची पिशवी घेऊन शेजारीच उभ्या होत्या.

"माझ्यामुळं," सर म्हणाले.

आक्काताईंनी त्यांच्याकडे वर-खाली बघितलं. "बरं. मग तुमीबी फिरवा." आणि सर बसले. ऑपरेशनच्या हिरव्या कपड्यांत, टोपीसकट.

आत आमचे हाल चालले होते. रक्तदाब एकदा पार घसरला. मॉनिटरवर मध्येच दोन-तीन ठोके वेडेवाकडे यायचे, मग ओळीवर. अजित त्या फडक्यांकडे बघत उभा होता, त्याच्या कपाळावरचा घाम सिस्टर सारखा टिपत होत्या. औषध वाढव, कमी कर, परत वाढव. हा माणूस टेबलावर गेला तर बाहेर बर्फ घेऊन बसलेल्या बाईला काय सांगायचं, हाच विचार डोक्यात फिरत होता. त्या वेळी मी सरांना मनातल्या मनात इतक्या शिव्या घातल्या की सांगता सोय नाही. हा भित्रा माणूस आपल्या भीतीपायी याला मारणार, असं मला खरोखर वाटत होतं.

सर परत आले. पुन्हा हात धुतले, पुन्हा ओठ हलले. सिस्टरनी हातोडी मारली. कडकन आवाज आला. औषधाच्या बाटलीला मी हात लावला आणि चटका बसल्यासारखा मागे घेतला.

"आता," सर म्हणाले.

पुढचं काम शांतपणे झालं. यंत्र चालू झालं, चिमटा लागला, औषध आत गेलं. हृदय एकदा-दोनदा चाललं, मंद झालं आणि थांबलं. मॉनिटरवरची रेघ सरळ झाली. आयुष्यभर मी ही रेघ सरळ होऊ नये म्हणून राबले, आणि इथे ती सरळ होण्याची वाट बघायची. याची सवय मला शेवटपर्यंत झाली नाही. सर वरून बर्फाचा चुरा पसरत होते, अव्वा भाकरीवर पीठ पसरत असतील तसा. मग टाके. मध्ये थांबून पुन्हा औषध, पुन्हा बर्फ. घाई अजिबात नाही.

शेवटी चिमटा काढला. रक्त परत हृदयाकडे गेलं. हृदय पांढरट होतं, जरासं गुलाबी झालं, पण हललं नाही. आम्ही वाट बघितली. सरांनी एक तळवा त्याच्याखाली धरला होता. अजित माझ्याकडे बघत होता, मी मॉनिटरकडे. मग ते थरथरायला लागलं, नुसतीच वळवळ, ठोका नाही. सरांनी विजेचा झटका दिला. वळवळ थांबली. रेघ सरळ. आणि मग एक ठोका आला. मला वाटलं, भास झाला. दुसरा आला.

"मऊ आहे," सर म्हणाले. "मॅडम, मऊ आहे."

मी रडले. भूल देणारीनं रडायचं नसतं, पण मास्कच्या आत रडायला कोण बघतं?

संध्याकाळी सर आक्काताईंना सांगायला गेले तेव्हा मी बरोबर होते. आक्काताईंचे हात बर्फानं लाल झाले होते, मिठानं चिरले होते. नवरा शुद्धीवर येतोय, हातपाय हलवतोय, हे ऐकून त्या भिंतीला टेकून खाली बसल्या. मग त्यांना आठवलं.

"परसाद घेतलासा का न्हाय? किटली कुटं हाय आमची?"

"घेतला," सर म्हणाले. "चांगला गार होता."

परत येताना मी म्हटलं, "सांगायचं तरी होतं. तुम्ही का अंगावर घेतलंत?" ते म्हणाले, "सांगून कुणाचं हृदय वाचणार आहे? देवाच्या नावानं आणलं होतं बाईनं. नवरा बरा झाला तरी ती जन्मभर स्वतःला खात बसली असती." सुशीलामावशींनाही ते एक शब्द बोलले नाहीत, फ्रिजला कुलूप लावलं आणि किल्ली मावशींच्याच कमरेला दिली. अजित दोन दिवस तोंड लपवत होता. त्याला बोलावून सर म्हणाले, "तू खरं तेच सांगितलंस. माझाच प्रश्न चुकत होता इतकी वर्षं. 'हात लावला का' असं विचारायला पाहिजे." त्या दिवसापासून तसंच विचारायचे. आणि भीती? ती कमी झाली म्हणता येणार नाही. उलट सकाळी चहाही बंद झाला.

त्याच वर्षी नवऱ्याची बँकेतून पुण्याला बदली झाली आणि मला इस्पितळ सोडावं लागलं. शेवटच्या दिवशी दुपारी मी निरोप घ्यायला सरांच्या खोलीशी गेले. दार अर्धवट उघडं होतं. आत चौगुले तपासणीला आले होते; सदरा काढून स्टुलावर बसलेले, छातीवर वरपासून खालपर्यंत टाक्यांची रेघ. सर स्टेथोस्कोप लावून, डोळे मिटून ऐकत होते. तपासायला लागतो त्याच्या कितीतरी जास्त वेळ ऐकत होते. चौगुल्यांनी आधी श्वास धरला, मग सोडला, मग त्यांचा चेहरा उतरला.

"काय झालं वो डाक्टर? काय गडबड हाय काय?"

सरांनी मान हलवली. "नाही. चालतंय."

"मग?"

सरांनी स्टेथोस्कोप जराही हलवला नाही. चौगुले थोडा वेळ बसले, खिडकीतून बाहेर बघितलं, सदरा हातात चुरगळला.

"न्हाय म्हंजे, चालतंय तर मग सोडा की," ते म्हणाले. "मुडशिंगीची गाडी जाईल माझी. दूध घ्यायची येळ झाली."

सरांनी डोळे न उघडता हात वर केला, जरा थांबा म्हणून, आणि ऐकत राहिले.